मुलाच्या कलानं चालणारी बालवाडी निवडताय? या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेकडे निघालं की 'माँटेसरी' (म्हणजे मुलानं साहित्य हाताळत आपल्या कलानं शिकायची पद्धत) लिहिलेल्या दोन-चार पाट्या सहज दिसतात. पहिली चूक तिथंच होते. हे नाव लावायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे पाटीवर माँटेसरी आणि आत सगळी पोरं एका सुरात 'अ अननसाचा' म्हणतायत, असं सर्रास चालतं.

म्हणून शाळा चालू असताना अर्धा तास मागं बसू द्या म्हणावं. खऱ्या माँटेसरी वर्गात साधारण तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात. साहित्य त्यांच्या हाताला येईल अशा बुटक्या मांडण्यांवर असतं आणि मुलं बराच वेळ सलग आपापलं काम करतात. बाई फळ्यापुढं कमी, मुलाशेजारी जास्त दिसतात. दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर तो पालकांना दाखवायला ठेवलाय असं खुशाल समजा. बसूच देत नसतील, तर पुढची शाळा बघा.

दुसरी चूक स्वभावावरून ठरवण्याची. "आमचा कुणाचं ऐकत नाही, इथं मोकळीक आहे, इथंच घालू." पण मोकळीक असते ती काम निवडण्याची. घेतलेली वस्तू चटईवर मांडायची, वापरून जागेवर ठेवायची, दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, हे नियम चांगलेच कडक असतात. उलट लाजऱ्या मुलांना ही पद्धत बरेचदा मानवते, कारण उभं राहून कविता म्हणायची सक्ती नसते. सुरुवातीचे काही आठवडे ती नुसती बघत बसतात, त्याची काळजी नको. काळजी वेगळ्या मुलाची करावी. दोन-तीन महिने झाले तरी ते या मांडणीवरून त्या मांडणीकडे भटकतंय, एकाही कामात रमत नाही आणि असं का, हे बाईंनाही सांगता येत नाही. अशा काही मुलांना गाणी-गोष्टींची ठरलेली वेळ असलेली साधी बालवाडीच बरी पडते. मूल हाकेला ओ देत नसेल किंवा बोलण्यात बरंच मागं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. शाळा बदलून तो प्रश्न सुटणार नाही.

आता घरचं. "एवढी फी भरून तांब्यातलं पाणी ओतायला शिकवतात?" असं आजी म्हणणारच, आणि तिला उत्तर द्यायला हवं. ओतणं, बटणं लावणं, चिमटीनं दाणे उचलणं यातून मनगट आणि बोटं तयार होतात. पुढं खरखरीत अक्षरांवरून बोट फिरतं आणि मग पेन्सिल धरणं जड जात नाही. रोज "आज काय शिकवलं?" विचारून वही मागितली, तर बाईही वैतागून गृहपाठ सुरू करतात. त्यातही शाळेत स्वतः चप्पल घालणारं पोर घरी मोबाइलसमोर भरवून घेत असेल, तर फी वाया गेली म्हणायची. त्यापेक्षा त्याला भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवा.

महागड्या लाकडी साहित्याला भुलू नका. ही पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह उघडलं ते कामगारवस्तीत. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा स्वस्तातलं, तिथंच मिळणारं साहित्य वापरलं. जवळची अंगणवाडीही एकदा बघून यायला हरकत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पुढच्या शाळेची चौकशी न करणं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे आणि भर खेळातून शिकण्यावर आहे. तरी पहिलीला घेताना मुलाला शब्द लिहायला लावणाऱ्या शाळा आहेत. पहिलीला जिथं घालायचंय तिथं आधीच विचारून या, आणि बालवाडीची फी वर्षाची एकदम न भरता हप्त्यानं घेतात का, तेही.