आंब्याच्या पट्ट्यांवरून हंगामाचा अहवाल कसा तयार करावा

रत्नागिरी-देवगडकडच्या अनेक बागायतदारांकडे आढत्यांच्या (बाजारात माल विकून देणाऱ्या दलालांच्या) पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात. परंतु कोणत्या बाजारात डझनामागे हाती किती उरले, असे विचारल्यास उत्तर अंदाजानेच मिळते.

सर्वप्रथम प्रश्न निश्चित करावा. 'पुढील हंगामात नवी मुंबईतील वाशी बाजाराला किती माल पाठवावा आणि पुण्यात थेट किती विकावा', असा प्रश्न निर्णयापर्यंत नेतो.

त्यानंतर एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये तक्ता करावा. एका ओळीत एका दिवशी एका ठिकाणी गेलेला एकाच आकाराचा माल लिहावा आणि तारीख, बाजार, आढत्या, पेट्या, पेटीतील डझन, दर, मोटारभाडे, हमाली व तोलाई (वजन करण्याची मजुरी) यांना स्वतंत्र स्तंभ द्यावेत. एका पट्टीत दोन आकारांचा माल असल्यास भाडे पेट्यांच्या प्रमाणात विभागावे. रिकामी पेटी, गवत आणि भरणावळ (पेटी भरण्याची मजुरी) यांचा खर्च पट्टीत नसतो, म्हणून तो आठवणीने वेगळा नोंदवावा. नफा फुगलेला दिसतो तो बहुधा येथेच.

आता नोंदी स्वच्छ कराव्यात. एकाच आढत्याचे नाव तीन प्रकारे लिहिले असेल, तर संगणक त्याला तीन माणसे समजतो. दराच्या रकान्यात '2400 रु.' असे लिहिल्यास तो आकडा मजकूर ठरून बेरजेतून गळतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. शेवटी पट्टीतील निव्वळ रकमांची, म्हणजे विक्रीतून भाडे, हमाली व तोलाई वजा जाता उरलेल्या रकमांची बेरीज बँकेतील जमा आणि रोखीच्या नोंदींशी पडताळावी.

पुढे पिव्हट टेबलमध्ये (नोंदींची गटवार बेरीज करून देणाऱ्या तक्त्यात) ओळींना तारखेवरून काढलेला आठवडा, स्तंभांना बाजार आणि बेरजेला पेटी-भरणावळीचा खर्चही वजा केलेली निव्वळ रक्कम व डझन घ्यावेत. तुलना पेटीवर करू नये: ३००० रुपयांची सहा डझनी पेटी डझनाला ५०० देते, तर २४०० ची चार डझनी ६०० देते. सरासरीतही फसगत होते. एकाच आकाराच्या १० पेट्या ४००० ने आणि ९० पेट्या २००० ने गेल्या, तर दरांची सरासरी ३००० दिसते. प्रत्यक्षात पेटीमागे २२०० च मिळालेले असतात. म्हणून एकूण निव्वळ रकमेला एकूण डझनांनी भागावे.

दोन वर्षांची तुलना करताना केवळ तारखा जुळवू नयेत. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला, तर २०२५ मध्ये ३० मार्चला होता. त्यामुळे सणाची मागणी तपासायची असेल, तर 'पाडव्यापासून कितवा आठवडा' असा आणखी एक स्तंभ जोडावा.