हरकत लिहायची तर चौकात उभं राहून लिहा

मोठ्या गृहप्रकल्पांवर आलेल्या हरकती आणि त्यांच्यासोबतचे वाहतूक अहवाल वाचण्यात माझी बरीचशी नोकरी गेली. बहुतेक पत्रांत एकच वाक्य असायचं: ‘आधीच ट्रॅफिकचा बोजवारा उडालाय, त्यात ही भर नको.’ बाई, खरं आहे, पण त्याचं मी करू काय? अशा पत्रावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि फाईल पुढे सरकते. याउलट एखाद्या पत्रात अमुक वळण, अमुक वेळ आणि मोजलेला आकडा असला, की विकासकाच्या सल्लागाराला घाम फुटतो. तसं पत्र लिहायला इंजिनियर असावं लागत नाही.

आधी विकासकाच्या सल्लागाराने केलेला वाहतुकीचा अहवाल मिळवा, पण सारांश वाचत बसू नका. तो गुळगुळीतच असतो. थेट परिशिष्टात जाऊन गाड्यांची मोजणी कोणत्या तारखेला झाली ते बघा. शाळांना सुट्टी होती का? शेजारचा रस्ता खोदलेला होता का? आठवड्याच्या मधल्या दिवशी, शाळा-ऑफिसं चालू असताना केलेली मोजणीच धरण्यासारखी. तारखेतच गडबड सापडली, तर पुढचे सगळे तक्ते डळमळतात.

मग घरांच्या संख्येवरून गाड्यांचा आकडा कसा काढलाय ते पाहा. समजा १,२०० घरं आहेत आणि सकाळच्या गर्दीच्या तासात दर दहा घरांमागे चार गाड्या बाहेर पडतील असं धरलंय. म्हणजे तासाला ४८०, मिनिटाला आठ, साडेसात सेकंदांना एक. पत्रात हा शेवटचा आकडा लिहा, कारण तो डोळ्यांसमोर उभा राहतो. गेटमधून निघून समोरची वाहतूक ओलांडत वळायला साधारण सहा-सात सेकंदांची मोकळी फट लागते. ती मिळेनाशी झाली की मागचे हॉर्न वाजवतात, पुढचा वैतागतो आणि चार सेकंदांच्या फटीत गाडी घालतो. अपघात तिथे होतो. दहा घरांना चार गाड्या हा दर कुठून आणला, तसा वसलेला दुसरा प्रकल्प कोणता, हेही विचारा.

‘वाहतुकीत फक्त पाच-दहा टक्के वाढ’ हे वाक्य अहवालात हमखास भेटतं. त्याला फसू नका. चौक क्षमतेच्या किती टक्के भरलाय यावर सगळं अवलंबून. रांगांच्या अगदी साध्या गणितात ८५ टक्के भार असताना सरासरी सहाएक गाड्या अडकलेल्या असतात, ९५ टक्क्यांवर एकोणीस. भार ८५ वरून ९५ वर गेला, रांग झाली तिप्पट.

आता स्वतःची मोजणी. दोघं-तिघं मिळून चौकाच्या कोपऱ्यावर उभे राहा, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा आणि प्रत्येक वळणाच्या वेगळ्या रेघा ओढा. दुचाकी, कार, बस, ट्रक वेगळे. बरोबर फोनवर व्हिडिओ चालू ठेवा, म्हणजे कुणी शंका घेतली तर पुन्हा मोजता येतं. रकाने पंधरा मिनिटांचेच का? समजा तासात ९०० गाड्या गेल्या, पण त्यातल्या ३०० शाळा भरायच्या आधीच्या पाव तासात. तो पाव तास तासाला १,२०० गाड्यांच्या दराने चालला होता. अहवालातला ९०० हा आकडा खोटा नाही, पण मुलं रस्ता ओलांडतात ती वेळ त्यात विरघळून जाते.

पायी चालणारे तर पुष्कळ अहवालांत नसतातच. म्हणून तेही मोजा. रस्त्याची रुंदी १४ मीटर असेल, तर सेकंदाला १.२ मीटर चालणारा बारा सेकंदांत पलीकडे पोचतो. काठी टेकत ०.८ मीटरने चालणाऱ्या आजोबांना साडेसतरा लागतात. पायी चालणाऱ्यांचा हिरवा सिग्नल किती सेकंदांचा आहे ते घड्याळ लावून बघा.

वेगासाठी रस्त्याकडेच्या दोन खांबांमधलं ५० मीटर अंतर टेपने मोजून घ्या. रस्त्यावर उतरू नका, फूटपाथवरूनच मोजा. रस्ता मोकळा वाहत असताना स्टॉपवॉच लावा. ३.६ सेकंदांच्या आत पार करणारी गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वर आहे. ५० च्या वेगाला, चालकाला धोका उमगून ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत सुमारे ६० मीटर लागतात, असं रस्त्यांच्या आखणीत धरतात. ३० च्या वेगाला साधारण ३०. मग नियोजित गेटच्या जागी, रस्त्याच्या कडेपासून दोन-अडीच मीटर आत, कारमध्ये बसलेल्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुंपणाची भिंत किंवा उभ्या गाड्या ४० मीटरवरच नजर अडवत असतील, तर तुमच्या पत्रातला सर्वांत जड मुद्दा तोच.

उपाय म्हणून अहवाल ‘रुंदीकरण’ सुचवेल. मला त्याचं फारसं कौतुक नाही. रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि ओलांडायचं अंतरही. त्याऐवजी मध्ये थांबायला बेट, उंचावलेलं क्रॉसिंग, गेट चौकापासून लांब, असं मागा. योग्य जागी छोटं गोलचक्करही: एकेका लेनच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात वा मिळतात-फुटतात, गोलचक्करात ८ ठिकाणी. शिवाय तिथे वेग मुळातच कमी राहतो. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेतल्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही पादचारी आणि वाहनं जिथे वारंवार एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा ठेवायला सांगितलंय. त्याचा दाखला द्या.

पत्र एका पानाचं, मोजणीचे तक्ते मागे जोडलेले. ‘प्रकल्पच नको’ असं लिहिलंत की बाकीचं कुणी नीट वाचत नाही, आणि घरं लोकांना हवीच असतात. प्रत्येक मुद्द्याखाली एक अट सुचवा आणि तिला वेळ बांधा: ‘पहिल्या घराचा ताबा देण्याआधी क्रॉसिंग तयार हवं.’ ‘पुढेमागे करू’ या शब्दांवर समाधान मानू नका. बांधकामाच्या ट्रकांचा रस्ता आणि शाळेच्या वेळेत त्यांना बंदी, ही अट लोक विसरतात. धोका मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच असतो. आसपास आधीच मंजूर झालेले प्रकल्प आकडेमोडीत धरलेत का, तेही विचारून ठेवा.

पत्राची पोच घ्या. सुनावणीत बोलायला थोडाच वेळ मिळतो; गेटचा फोटो आणि साडेसात सेकंदांचा आकडा, एवढंच मांडा. आणि शेवटची मागणी ही ठेवा: पहिला टप्पा राहता झाला की त्याच चौकात पुन्हा मोजणी व्हावी, आणि दुसऱ्या टप्प्याची परवानगी ती बघूनच मिळावी.