थेम्सकाठची सकाळ: पाणबुडी आणि रेल्वे एकाच फोटोत कशी टिपावी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात थेम्स नदी उत्तरेकडून वाहत येते आणि लाँग आयलंड साउंडला मिळते. मुखाजवळ पश्चिम काठावर न्यू लंडन शहर आहे, समोर पूर्व काठावर ग्रोटन. बॉस्टन–न्यूयॉर्क रेल्वेमार्ग इथेच नदी ओलांडतो. पुलाच्या वरच्या अंगाला अमेरिकी नौदलाचा पाणबुडी तळ आहे आणि खालच्या अंगाला पाणबुड्या बांधणारी इलेक्ट्रिक बोट ही गोदी. तळाच्या नावात न्यू लंडन असलं तरी तळ आहे ग्रोटनच्या काठावर. तळावरून समुद्रावर जाणाऱ्या किंवा तळावर परतणाऱ्या प्रत्येक पाणबुडीला या रेल्वेपुलाखालूनच जावं लागतं. रेल्वे आणि युद्धनौका दोन्हींची आवड असेल तर यापेक्षा सोयीची नदी मिळणं कठीण.

आधी पूल समजून घ्या

रेल्वेपुलाचा मधला गाळा उचलता येतो. तो दोन मनोऱ्यांच्या मध्ये आडवाच्या आडवा वर जातो. २००८ मध्ये जुना, एका बाजूने उघडणारा गाळा काढून हा बसवला. गाळा खाली असताना पाण्यापासूनची उंची साधारण ३० फूट असते. पाणबुडीच्या पाठीवरचा बुरूज आणि त्यावरच्या काठ्या तेवढ्यात मावत नाहीत, म्हणून तिच्यासाठी गाळा वर घ्यावा लागतो. गाळा वर असेपर्यंत गाड्या बंद.

त्यामुळे ‘पुलावर गाडी, खाली पाणबुडी’ असा फोटो इथे मिळणारच नाही. त्याच्या मागे सकाळ घालवू नका. जे मिळू शकतं ते मात्र त्याहून चांगलं आहे. न्यू लंडनचं युनियन स्टेशन अगदी पाण्यालगत आहे. बॉस्टनकडे जाणारी गाडी नेमकी त्या वेळी आली, तर गाळा पुन्हा खाली येईपर्यंत तिला स्टेशनात थांबावं लागू शकतं, आणि तेवढ्यात पाणबुडी त्याच स्टेशनासमोरून जाते. समोरच्या ग्रोटन काठावर उभं राहिलं की जवळ पाणबुडी, मागे गाडी आणि त्यामागे विटांचं जुनं स्टेशन, असं सगळं एका रेषेत येतं. सकाळची आखणी या फोटोभोवती करा.

कोणता काठ, किती वाजता

सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं. ग्रोटनहून पश्चिमेला बघताना सूर्य पाठीशी राहतो, नौका आणि गाड्या दोन्ही उजळतात. न्यू लंडनहून पूर्वेला बघितलं तर सगळं काळ्या आकृतीसारखं दिसतं. सूर्योदयापूर्वी आणि नंतरची दहा-पंधरा मिनिटं हा तोटा फायद्याचा ठरतो, कारण तांबड्या आकाशावर पुलाचे मनोरे उठून दिसतात.

म्हणून क्रम असा ठेवा: पहाटे न्यू लंडन, ऊन चढलं की ग्रोटन. सूर्योदय जूनमध्ये सव्वापाचच्या आसपास होतो, डिसेंबरमध्ये सात वाजून गेल्यावर. ग्रोटनच्या टेकडीवरचं फोर्ट ग्रिसवोल्ड हे राज्य उद्यान साधारण आठला उघडतं. त्याआधी तिथे जाऊन उपयोग नाही. उन्हाळ्यात आठपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो. तेव्हा थेम्स स्ट्रीट या नदीकाठच्या सार्वजनिक रस्त्यावर जिथून पाणी मोकळं दिसतं, तिथून सुरुवात करा. खाजगी धक्के आणि घरांची आवारं टाळा. गाडीने दोन काठांमधलं अंतर फार नाही, पण ते महामार्गाच्या गोल्ड स्टार पुलावरूनच पार करावं लागतं आणि कामावर जाण्याच्या वेळी तिथे खोळंबा होतो. पाणबुडी दिसल्यावर काठ बदलायला निघालात तर ती निघून गेलेली असेल.

थंड हवेची आघाडी (कोल्ड फ्रंट) पुढे सरकून उत्तर-पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी हवा काचेसारखी स्वच्छ असते. असा दिवस निवडा. दमट उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून स्टेशनाच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. तो दोष नंतर संगणकावर दुरुस्त होत नाही.

लेन्स मोजून निवडा

अंदाजाने लेन्स उचलण्यापेक्षा साधा हिशेब करा. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. ३६ ला वस्तूच्या अंतराने गुणा आणि वस्तूच्या लांबीने भागा. उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरच्या लेन्सने ती वस्तू चौकट कडेपासून कडेपर्यंत भरते.

व्हर्जिनिया वर्गाची पाणबुडी ३७७ फूट, म्हणजे सुमारे ११५ मीटर लांब असते. ती काठापासून ३५० मीटरवर असेल तर ३६ × ३५० ÷ ११५, म्हणजे साधारण ११० मिमी. आठ डबे आणि एक इंजिन अशी ॲमट्रॅकची (अमेरिकेतली प्रवासी रेल्वे कंपनी) गाडी सव्वादोनशे मीटरच्या आसपास भरते. ९०० मीटरवरून ती १४० मिमीमध्ये मावते. अर्थ स्पष्ट आहे: ७०–२०० मिमीची एक लेन्स सकाळचं बहुतेक काम करते. बुरुजावर उभी असलेली माणसं टिपायची तर ४०० मिमी हवी. स्टेशनाजवळच्या रेल्वेफाटकापाशी जवळून जाणाऱ्या गाड्यांसाठी २४–७० मिमी पुरते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात हे आकडे दीडने भागा.

सोबत दोन बॅटऱ्या ठेवा. हिवाळ्यात त्यातली एक आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. उन्हाळ्यात एसी गाडीतून लेन्स थेट दमट हवेत काढली तर काचेवर बाष्प धरतं. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

पहाटे स्टेशनाजवळ

युनियन स्टेशन हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १८८७ मध्ये पूर्ण झालं. त्याला लागूनच स्टेट स्ट्रीटचं रेल्वेफाटक आहे. ईशान्येच्या या वेगवान मार्गावर रस्ता रुळांना समपातळीत ओलांडतो अशी फाटकं फक्त कनेक्टिकटच्या आग्नेय टोकाला उरली आहेत, म्हणून हे ठिकाण खास.

फाटकाच्या रस्त्याकडच्या बाजूला, दांड्याच्या मागे उभे राहा. विजेची गाडी फारसा आवाज न करता येते आणि एक गाडी गेली की दुसऱ्या रुळावरून लगेच दुसरी येऊ शकते. दांडे पूर्ण वर गेल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. ट्रायपॉड किंवा सेल्फीस्टिक उंच धरून रुळांजवळ फिरू नका. फलाटावर जायचं तर तिकीट जवळ हवं.

पंधरा मीटरवरून ताशी ३० मैलांनी जाणारी गाडी ३५ मिमी लेन्सने आडवी टिपताना शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवा, नाहीतर डब्यांवरची अक्षरं ओढली जातात. उलट गाडीवरचे एलईडी पाट्यांचे आकडे वेगवान शटरला अर्धवट उमटतात. पाटी वाचता यायला हवी असेल तर गाडी थांबलेली असताना १/१२५ किंवा त्याहून हळू शटरने वेगळा फोटो घ्या.

इथे तीन प्रकारच्या प्रवासी गाड्या दिसतात. ॲमट्रॅकच्या नॉर्थईस्ट रीजनल गाडीचे गोलसर, खाचांच्या स्टीलचे अ‍ॅमफ्लीट डबे. ॲमट्रॅकचीच वेगवान ॲसेला, जिच्या नव्या गाड्या ऑगस्ट २०२५ पासून धावू लागल्या. आणि न्यू हेवनहून येणारी शोर लाइन ईस्ट ही लोकल. लोकल न्यू लंडनलाच संपते, पूल ओलांडत नाही. पुलावरच्या फोटोसाठी तिची वाट बघू नका. दोन्ही काठांवर मालगाड्यांचे मार्ग आहेत: पश्चिमेला न्यू इंग्लंड सेंट्रल, पूर्वेला प्रॉव्हिडन्स अँड वूस्टर. त्यांना प्रवासी गाड्यांसारखं छापील वेळापत्रक नसतं. मिळाली तर मिळाली.

पाणबुडी येतेय हे कसं ओळखावं

नौदल वेळा आधी सांगत नाही आणि त्या खोदून काढायचा प्रयत्नही करू नका. नदीच खुणा देते.

पहिली खूण भोंग्याची. पूल उघडण्याची विनंती म्हणजे एक लांब आणि एक आखूड भोंगा. पूल उघडणार असेल तर तेच उत्तर येतं. उघडता येत नसेल तर पाच आखूड भोंगे. मरीन रेडिओ असेल तर चॅनल १३ वर हीच बोलणी ऐकू येतात. फक्त ऐका, बोलू नका.

दुसरी खूण सोबतच्या बोटींची. उन्हाळ्यात गाळा शिडाच्या नौकांसाठीही वर जातो, तेव्हा उंच डोलकाठी पुलाजवळ ताटकळताना दिसते. डोलकाठी कुठेच नाही, पण टगबोटी आणि निळे दिवे लावलेल्या पहाऱ्याच्या बोटी पुढेमागे फिरताहेत, असं दिसलं की कॅमेरा तयार ठेवा.

समुद्रावरून परतणारी पाणबुडी ग्रोटन काठावरून आधी दक्षिणेला, नदीमुखाशी दिसते. तिथे न्यू लंडन लेज हे पाण्यात उभं असलेलं, लाल विटांचं घर वाटणारं दीपगृह आहे. तिथून ती तुमच्यासमोर येईपर्यंत पुरेसा वेळ मिळतो. वाटेत तिच्या पार्श्वभूमीला इलेक्ट्रिक बोटची गोदी येते. तिथे शटर दाबू नका (कारण पुढे ‘काय टिपू नये’मध्ये आहे). ती गोदी मागे टाकून न्यू लंडनच्या इमारतींसमोर येऊ द्या. धीर धरला तर फोटोही सुधारतो आणि नियमही पाळला जातो.

मुख्य फोटो

जागा ठरवताना स्टेशन नीट दिसतं का ते आधी बघा. त्याच्या शेजारीच फेरीबोटींचा धक्का आहे. फेरी लागलेली असेल तर गाडीचा अर्धा भाग झाकला जातो. काठाजवळच्या नव्या बांधकामांचाही अडथळा होतो. थेम्स स्ट्रीटवर शंभर-दोनशे पावलं मागेपुढे सरकून डबे कोणत्या फटीत पूर्ण दिसतात ते शोधा आणि पाणबुडी येण्याआधीच तिथे उभे राहा. टेकडीवरून बघितलं तर पाणबुडी आणि गाडी यांच्यात पाण्याचा पट्टा मोकळा दिसतो. खालच्या रस्त्यावरून दोन्ही एकमेकांना चिकटतात. टेकडी बरी.

१. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. नऊच्या सुमाराच्या स्वच्छ उन्हात छिद्र एफ ८, शटर १/८००, आयएसओ ४०० यापासून सुरुवात करा.

२. स्वयंचलित मापावर विसंबू नका. पाणबुडी काळीभोर असते. कॅमेरा तिला करडी करायला बघतो आणि मागच्या स्टीलच्या डब्यांवरचं ऊन जळून पांढरं होतं. मॅन्युअल वापरायचंच नसेल तर उजेड एक स्टॉप (म्हणजे निम्मा) कमी करा. चाचणी फोटो स्टेशनातल्या एखाद्या डब्याचा घ्या. तिथे पांढरा भाग फुटला नाही, तर पाणबुडीच्या पुढचा फेसही वाचेल.

३. फोकस पाणबुडीच्या बुरुजावर धरा. २०० मिमी आणि एफ ८ ला ३५० मीटरवर फोकस केला, तर ९०० मीटरवरची गाडीही स्पष्ट येते. छिद्र आणखी लहान करून काही मिळत नाही.

४. पाणबुडी चालताना नाकावर पाण्याची गुळगुळीत फुगी चढते आणि बुरुजाच्या अलीकडे फुटते. ती फुगी चौकटीत पूर्ण येऊ द्या. नवखे लोक फक्त बुरूज धरतात आणि वेग हरवतो.

५. बुरूज गाडीच्या इंजिनासमोर येण्याच्या किंचित आधी तीन-चार फोटोंची मालिका सुरू करा. बुरूज इंजिनावर बसला की दोन्ही काळे-करडे आकार एकमेकांत मिसळतात. इंजिनाच्या शेजारी मोकळी जागा राहील तेच क्षण चांगले.

पाणबुडी गेली की लगेच आवरू नका. गाळा खाली येतो, थांबलेली गाडी हलते आणि काही मिनिटांत ती पुलावर असते. सकाळचं ऊन डब्यांच्या बाजूवर पडत असताना ग्रोटनहून हा फोटो सोपा आहे, आणि पाणबुडीचा माग काढणारे बहुतेक जण तो सोडून देतात.

काय टिपू नये

महत्त्वाच्या लष्करी ठिकाणांचे फोटो परवानगीविना काढणं अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात गुन्हा ठरू शकतं. म्हणून सीमा सोपी ठेवा: खुल्या नदीत चालती नौका टिपा, तळाचे धक्के, गोदी, दरवाजे, कुंपणं आणि पहारेकरी टिपू नका. ड्रोन घरीच ठेवा. बोटीतून जाणार असाल तर नौदलाच्या नौकेपासून ५०० यार्डांच्या आत वेग किमान ठेवावा लागतो आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही. ओळखपत्र जवळ असू द्या. पोलिसांनी विचारलं तर काय टिपताय ते सरळ दाखवा.

पाणबुडी जवळून निवांत बघायची असेल तर तळाच्या दाराशेजारी नौदलाचं संग्रहालय आहे. १९५४ मध्ये पाण्यात उतरलेली पहिली अणुशक्तीवरची पाणबुडी नॉटिलस तिथे उभी आहे. प्रवेश मोफत, मंगळवारी बंद.

ओळख पटवून नोंद करा

समुद्रावर जाणाऱ्या अमेरिकी पाणबुड्यांवर क्रमांक रंगवलेला नसतो. वर्ग मात्र बुरुजावरून कळतो: पुढची कड खाली डेकला मिळताना वळणदार, उतरती झाली असेल तर व्हर्जिनिया, सरळ उभी खाली आली असेल तर लॉस एंजेलिस. इंजिनाचा क्रमांक मोठा करून वाचा. रीजनलचं विजेचं इंजिन ६०० च्या मालिकेतलं असतं. फोटोखाली दिनांक, काठ, दिशा, वर्ग आणि गाडी लिहा. पाणबुडी परत येणार आहे असं कुणी सांगितलं तरी ते आधी कुठेही टाकू नका. फोटो ती धक्क्याला बांधली गेल्यावर किंवा समुद्रात गेल्यावर टाका.