कॅराव्हॅन घेताना नावातले आकडे आणि अक्षरे कशी वाचावीत

पर्वरीत किंवा मडगावात फ्लॅट पाहायला जाणाऱ्या माणसाला ‘२ बीएचके’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि सांगितलेले क्षेत्रफळ कार्पेट एरियाचे आहे की सुपर बिल्ट-अपचे, हेही तो पहिल्याच भेटीत विचारतो. तोच माणूस कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घ्यायला निघाला, की गाडीच्या अंगावरचे ‘३३५०’, ‘१३+डी’ किंवा ‘५०० क्यूडीके’ हे शिक्के केवळ शोभेचे आहेत असे समजून आतला पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा पाहू लागतो. वास्तविक या शिक्क्यांमध्ये गाडीची लांबी, वजन, झोपण्याची सोय आणि कधीकधी तिचा कायदेशीर दर्जासुद्धा लपलेला असतो. मात्र प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी असल्यामुळे कोणता आकडा कशाचा, हे आधी ठरवावे लागते.

आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅनला दोन नावे असतात, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. मूळ गाडी एका कंपनीची असते आणि आतले घर दुसऱ्याच कोणी बांधलेले असते. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले नाव सहसा घर बांधणाऱ्याने दिलेले असते, आणि त्यातून गाडीविषयी फारसे काही कळत नाही. त्यामुळे ते बाजूला ठेवून ‘मूळ गाडी कोणती, आणि तिचा मॉडेल क्रमांक काय?’ हा प्रश्न विचारावा.

फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरचे उदाहरण घेऊ, कारण गोव्यातल्या रस्त्यांवर ती रोज दिसते. तिच्या नावापुढचे ३०५०, ३३५०, ३७०० आणि ४०२० हे आकडे म्हणजे व्हीलबेस, अर्थात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. याच कंपनीच्या अर्बेनियाचे ३३५०, ३६१५ आणि ४४००, तसेच टाटा विंगरचे ३२०० आणि ३४८८ हे आकडेही याच रीतीने वाचायचे असतात. हा आकडा गाडीची एकूण लांबी सांगत नाही, कारण मागच्या चाकांच्या मागे शरीर किती बाहेर आले आहे ते त्यात येत नाही; पण गाडी कुठे वळेल आणि कुठे अडकेल याचा अंदाज त्यावरून नक्की येतो. ३३५० आणि ४०२० यांच्यातला फरक ६७० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे सव्वादोन फुटांचा आहे. महामार्गावर तो जाणवणार नाही. परंतु दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या वाड्यावरच्या वाटेत, किंवा चोर्ला घाटातल्या एखाद्या आवळलेल्या वळणावर समोरून बस आली असता, तेच सव्वादोन फूट निर्णायक ठरतात. मोठ्या गाडीत न्हाणीघर ऐसपैस होते हे खरे आहे. तरीही ज्यांचे घर आतल्या वाटेवर आहे त्यांनी आधी आपल्या फाटकासमोरचे वळण टेपने मोजावे आणि मग मॉडेल ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाटांच्या जुन्या गाड्यांचे आकडे मात्र वेगळ्या रीतीने वाचावे लागतात. ४०७ मधला ४ हा ढोबळमानाने भारासह चार टनांचा, आणि ०७ हा सुमारे ७० अश्वशक्तीचा निर्देश आहे. त्याच न्यायाने ७०९ म्हणजे सात टन आणि ९० अश्वशक्ती, तर १६१३ म्हणजे सोळा टन आणि १३० अश्वशक्ती. ही पद्धत मर्सिडीज-बेंझची. १९५४ ते १९६९ या काळात टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइमलर-बेंझ यांचे सहकार्य होते, आणि ते संपल्यानंतरही नावे ठेवण्याची ही रीत टिकून राहिली. म्हणूनच हिवाळ्यात हरमलच्या बाजूला दिसणाऱ्या मर्सिडीजच्या एखाद्या परदेशी स्प्रिंटर व्हॅनवर ‘३१६’ असे लिहिलेले असेल, तर ते आपल्या ४०७ सारखेच वाचता येते : साडेतीन टनांच्या वर्गातली आणि सुमारे १६० अश्वशक्तीची गाडी. येथे एक सावधगिरी हवी. एखादा आकडा लोकप्रिय झाला, की तो मोजमाप न राहता नाव होऊन बसतो. आजच्या ४०७ मध्ये १०० अश्वशक्तीचे इंजिनही मिळते, पण नाव तेच आहे. त्यामुळे जुन्या गाडीचा आकडा आरसीशी ताडून पाहिल्याशिवाय खरा मानू नये.

शब्दांचीही अशीच फसगत होते. महिंद्राच्या ‘बोलेरो कॅम्पर’ या नावात कॅम्पर हा शब्द असला, तरी ती दोन रांगांची केबिन असलेली पिकअप आहे. तिच्यात झोपण्याची किंवा रांधण्याची कोणतीही सोय कंपनीकडून येत नाही. इंटरनेटवर ‘कॅम्पर’ असे शोधणाऱ्याच्या पुढ्यात ती हटकून येते. ‘१३+डी’ यातला डी म्हणजे ड्रायव्हर, म्हणून आरसीवर आसनसंख्या १४ दिसते. ‘४ बर्थ’ ही भाषा मात्र झोपण्याची आहे. चार जण झोपू शकतात याचा अर्थ चार जणांना प्रवासात पट्ट्यासह बसायला आसन आहे असा होत नाही, आणि चालत्या गाडीत पलंगावर बसून जाणे धोक्याचे आहे. हे दोन आकडे नेहमी वेगवेगळे विचारून घ्यावेत.

आता परदेशी नावांकडे वळू. आपल्याकडे त्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो : पोर्तुगालात किंवा इंग्लंडात असलेले नातलग तिथे अशी गाडी भाड्याने घेतात, आणि इथे घर बांधून घेणारे लोक परदेशी आराखडे कारागिराला दाखवतात. दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याच्या जर्मन कॅराव्हॅनमध्ये आकडा बहुधा राहत्या भागाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो आणि अक्षरे आतली मांडणी सांगतात. क्नाउसच्या ‘५०० क्यूडीके’ मध्ये साधारण पाच मीटर लांबीचे घर आहे. क्यू म्हणजे आडवा पलंग, डी म्हणजे जेवणाची बैठक आणि के म्हणजे मुलांचे पलंग. हीच अक्षरे सर्व कंपन्या त्याच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून आराखड्याचे चित्र पाहिल्याशिवाय अर्थ नक्की करू नये. अमेरिकी गाड्यांत पहिले दोन आकडे बहुतेक वेळा फुटांतली लांबी दाखवतात. एअरस्ट्रीमच्या ‘२५एफबी’ मध्ये २५ हे फूट आहेत आणि एफबी म्हणजे पलंग पुढच्या बाजूला. इतर कंपन्यांच्या नावांत बीएच म्हणजे एकावर एक पलंग असलेली मांडणी, आरबी म्हणजे मागे न्हाणीघर, आरएल म्हणजे मागे बैठक आणि आरके म्हणजे मागे स्वयंपाकघर, असे संकेत आढळतात. इथेच फ्लॅटवाला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो : ही लांबी आतली की बाहेरची, आणि ओढून नेण्याचा दांडा तिच्यात धरला आहे का? एकाच आकड्याच्या दोन कंपन्यांच्या गाड्यांत दोन-तीन फुटांचा फरक पडू शकतो तो याच कारणामुळे.

अमेरिकेतल्या मोटरहोमच्या, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या घराच्या गाड्यांच्या, ए, बी, सी या वर्गांविषयीही अनेकांचा गैरसमज होतो. हा क्रम आकाराचा नाही. ए म्हणजे बससारखी सर्वांत मोठी, बी म्हणजे साध्या व्हॅनच्या आतच घर केलेली सर्वांत लहान, आणि सी म्हणजे ट्रकच्या केबिनवर छपरासारखा पलंग पुढे आलेली मधली. आपल्याकडच्या ट्रॅव्हलरवरील बहुतेक कॅराव्हॅन बी वर्गाच्या जवळच्या आहेत. युरोपातल्या व्हॅनवर ‘एल३एच२’ असे दिसले, तर एल हा लांबीचा आणि एच हा छताच्या उंचीचा क्रम समजावा.

जाहिरातीत जवळजवळ कधीच न दिसणारा, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा वजनाचा आहे. आरसीवर दोन वजने असतात : रिकाम्या गाडीचे आणि भारासह अनुज्ञेय असलेले. दुसऱ्यातून पहिले वजा केले, की माणसे, पाणी आणि सामान यांच्यासाठी किती किलो उरतात ते कळते. समजा ही वजाबाकी ७०० किलो आली. चार माणसांचे २८० किलो, १२० लिटर पाण्याचे १२० किलो, आणि घरगुती सिलिंडर असेल तर त्यातला १४.२ किलो गॅस व रिकाम्या टाकीचे वजन मिळून सुमारे ३० किलो. म्हणजे कपडे, भांडी, छत्र्या आणि सायकली चढवण्यापूर्वीच ४३० किलो संपले. त्यातही मेख अशी, की कपाटे, बॅटऱ्या आणि एसी बसवण्यापूर्वीचेच रिकामे वजन पुष्कळदा आरसीवर राहून गेलेले असते. शंका वाटल्यास विक्रेत्याच्या परवानगीने गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. डिचोली, सांगे या खाणपट्ट्यांत असे काटे सापडतात, आणि त्या चिठ्ठीइतका खरा कागद दुसरा नाही. हलक्या वाहनाच्या परवान्याची मर्यादा ७५०० किलो आहे, हेही ७०९ सारख्या मोठ्या गाडीचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. युरोपात गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी सामान्य कारच्या परवान्याची ही मर्यादा ३५०० किलो असते, आणि तिथल्या कितीतरी मोटरहोमची वजने त्या आकड्याशीच येऊन थांबतात ती उगाच नव्हे.

यानंतर चेसिस क्रमांक पाहावा. तो १७ वर्णांचा असतो आणि १ व ० या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. पहिले तीन वर्ण निर्मात्याचे असतात : एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमसी१ म्हणजे फोर्स मोटर्स, एमए१ म्हणजे महिंद्रा. दहावा वर्ण सहसा वर्षाचा असतो. जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. बीएस६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली असल्यामुळे, दहावा वर्ण जे असलेली गाडी कोणी ‘बीएस६’ म्हणून विकत असेल, तर तिथेच थांबून कागद मागावेत.

गेल्या वर्षी एका आप्तासाठी आम्ही फोंड्याजवळ एक सुंदर गाडी पाहिली. ओटा, फ्रिज, रुंद पलंग, सगळे नीटनेटके होते, आणि व्यवहार जवळजवळ ठरला होता. आरसीवर मात्र वाहनाचा वर्ग प्रवासी बसचा आणि आसने १४ होती. आसने काढून घर बांधले गेले होते, पण ते कुठेही नोंदवलेले नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध निर्णय दिला आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. म्हणून त्याखालील मंजुरी आहे का, आणि आरसीवर ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असा वर्ग आहे का, हे दोन प्रश्न पलंगाची लांबी विचारण्याआधी विचारावेत. आम्हाला ते शेवटी सुचले, आणि मुलांनी तोवर आपापल्या जागा वाटून घेतल्या होत्या.

नंबरप्लेटही वाचायची असते. पांढरी प्लेट खासगी, पिवळी व्यावसायिक, आणि काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेली गाडी. ती विकत घेताना आधी खासगी वापरात बदलून घ्यावी लागते. एमएच-०७ म्हणजे सिंधुदुर्ग आणि केए-२२ म्हणजे बेळगाव. सीमेपलीकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि गोव्यातला रस्ता कर यांचा हिशेब किमतीत धरावा. परदेशी प्लेटची गाडी मात्र, मालक कितीही स्वस्तात देत असला, तरी घेऊ नये. अशी गाडी बहुधा कार्ने नावाच्या सीमाशुल्क कागदावर ठरावीक मुदतीसाठी आलेली असते आणि तिला देशाबाहेर परत जावेच लागते.

दूरवर गाडी पाहायला निघण्यापूर्वी विक्रेत्याकडून फोनवर तीन छायाचित्रे मागवावीत : आरसीच्या दोन्ही बाजू, चेसिस क्रमांकाची पट्टी आणि गाडीच्या मागच्या बाजूचे मॉडेलचे नाव. तिन्ही समोर ठेवून अर्धा तास वाचावीत, व्हीलबेस आणि वजने वहीत उतरवून घ्यावीत, आणि त्यांचा मेळ बसला तरच पेट्रोल जाळावे.