आईला घेऊन भाड्याची खोली बघायला निघताना

पिशवीत सगळ्यात आधी मोजपट्टी टाका. हसू नका. ठाण्याजवळ कळव्यात आम्ही वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) पसंत केलं, टोकनही दिलं, आणि मग कळलं की बाथरूमचं दार २२ इंच आणि आईचा वॉकर २४. टोकन गेलं. तेव्हा म्हातारं माणूस सोबत असेल तर भाड्याच्या गोष्टी नंतर. आधी दार मोजा, उंबरा बघा, संडास उकिडवं बसायचा आहे की कमोड ते बघा. जिना स्वतः चढून या. लिफ्ट असली तरी लाईट गेल्यावर चालते का हे वॉचमनला विचारा. एजंटला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणारच.

खोली बघायला पाण्याच्या वेळेला जा. दिवा स्टेशनच्या भागात तर नक्कीच. नळाखाली बादली लावा, किती वेळात भरते ते घड्याळावर बघा. नवी मुंबईत घणसोली, गोठिवली, तळवलीच्या गावठाणात सिडकोने आखलेल्या सेक्टरपेक्षा भाडं कमी, पण इमारत अधिकृत आहे का हे विचारायला लाजू नका. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडं आधीच राहायला आलेली होती. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. तुमची इमारत त्यात सी-१ मध्ये, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायच्या गटात असेल, तर फुकट दिली तरी नको.

‘सरकारी भाड्याची खोली मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दमडी देऊ नका. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. ठाण्यात त्यातल्या खोल्या पुढे धोकादायक इमारतींतून हलवलेल्या लोकांना संक्रमण शिबिरासारख्या दिल्या गेल्या. एजंटच्या खिशात त्यांच्या किल्ल्या नसतात.

आधार, पॅन, फोटो आणि दोन साक्षीदार तयार ठेवा. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. शहरात नोंदणी फी १००० रुपये आणि मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे फार नाही. ‘नुसतं नोटरी करू’ म्हणाला तर ऐकू नका. आणि एक ओळ हट्टाने घाला: संडासात धरायला दांडा बसवू, त्याच्या भोकांसाठी डिपॉझिट कापायचं नाही. आमच्या आधीच्या मालकाने चार भोकांचे दोन हजार कापले होते.

किल्ली हातात आली की सामान चढवण्याआधी भिंतींचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा. रेशनकार्डावर आईशिवाय घरातल्या आणखी कुणाचं नाव आहे ना, तेही बघा. दुकान बदललं तरी धान्य मिळतं, पण भांडी घासून झिजलेला तिचा अंगठा मशीनवर उठत नाही, मग दुसऱ्याचा लावावा लागतो.