जॉय-कॉनची स्टिक सरकतेय? आधी दोष ओळखा, मग स्क्रू फिरवा

बोट स्टिकवर नाही, तरी पडद्यावरचा गडी डावीकडं चालत सुटलाय. हाच ड्रिफ्ट. अशा वेळी हात आधी स्प्रेच्या डब्याकडं जातो. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच, पुन्हा स्प्रे. डबा संपतो, ड्रिफ्ट राहतो. कारण दिसायला आजार एकच असला तरी मूळ वेगवेगळं असतं आणि स्प्रे त्यातल्या एकाच मुळावर चालतो.

इथली माहिती मुख्यतः निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलच्या जॉय-कॉनबद्दल, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरबद्दल आहे. बाकीच्या यंत्रांचं शेवटी थोडक्यात.

आत काय असतं

जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब फिरवला की खरखर यायची, ती आठवा. इथलं तत्त्व तेच. स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. काळ्या कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत जाते, जागेप्रमाणे रोध बदलतो आणि त्यावरून स्टिक कुठं आहे ते यंत्राला कळतं.

बिघाड चार तऱ्हेचे. पट्टीवर धूळ किंवा चिकटा बसतो. जीभ घासून घासून कार्बन झिजतो आणि त्याचीच भुकटी पट्टीभर पसरते. मागचा पातळ पत्रा किंचित सैल होतो आणि जीभ पट्टीवर पुरेशी दाबली जात नाही. किंवा आत सगळं ठीक असतं, फक्त यंत्राच्या स्मृतीतला मध्यबिंदू हललेला असतो.

पाचवी गोष्ट ड्रिफ्ट नसतेच. २०१७च्या सुरुवातीच्या डाव्या जॉय-कॉनना वायरलेस सिग्नल तुटण्याचा त्रास होता. सिग्नल तुटला की शेवटची आज्ञा चालू राहते आणि गडी भिंतीला जाऊन भिडतो. जॉय-कॉन कन्सोलला जोडून खेळून बघा. जोडल्यावर त्रास गायब झाला तर स्टिकला हात लावू नका.

तपासणी: पाच मिनिटं, स्क्रू-ड्रायव्हरशिवाय

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, त्यात कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स. जी स्टिक बघायचीय ती आत दाबा. आता पडद्यावरची स्टिकची खूण नुसती बघा, लगेच कॅलिब्रेट करू नका, म्हणजे मध्यबिंदू नव्यानं नोंदवू नका.

- खूण मध्यापासून थोडी बाजूला, पण एकाच जागी स्थिर: मध्यबिंदूचा प्रश्न. कॅलिब्रेशननं सुटतो.
- खूण थरथरते, उड्या मारते, स्टिक चार वेळा गोल फिरवली की जरा सुधारते: धूळ किंवा भुकटी.
- स्टिकच्या मागच्या बाजूनं, म्हणजे जॉय-कॉनच्या पाठीवर, अंगठ्यानं दाबलं की खूण जागेवर येते: पत्रा सैल.
- एका दिशेला स्टिक टोकापर्यंत नेली तरी खूण कडेला पोचत नाही, किंवा मध्येच गायब होते: पट्टी झिजली. स्टिक बदला, दुसरा इलाज नाही.

थरथरणाऱ्या स्टिकवर कॅलिब्रेशन केलं तर नेमक्या त्या क्षणी खूण जिथं असेल तोच मध्य म्हणून नोंदला जातो आणि ड्रिफ्ट उलट दिशेला सुरू होतो. म्हणून कॅलिब्रेशन नेहमी शेवटी. त्याच मेनूतलं अपडेट कंट्रोलर्स मात्र आधी करून घ्या, त्यात तोटा काही नाही.

सफाई

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा प्लास्टिकला न खाणारा, झटपट सुकणारा काँटॅक्ट क्लीनर घ्या. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन आत चिकटून बसतं. दारं-बिजागऱ्यांवर मारायचा तेलकट स्प्रेही नको; आज स्टिक गुळगुळीत होते आणि महिन्याभरात सगळी धूळ त्या तेलावर जमते.

कन्सोल पूर्ण बंद करा, जॉय-कॉन वेगळा काढा. स्टिकच्या बुडाशी काळी रबरी झालर असते. तिची कड टूथपिकनं अलगद उचला, नळीचं टोक आत घाला आणि एकच छोटा फवारा मारा. अल्कोहोल असेल तर ड्रॉपरनं दोन थेंब पुरे. मग स्टिक दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा गोल फिरवा, चारपाच वेळा आत दाबा. झालर चारही बाजूंनी उचलून हेच करा. उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत सुकतं; जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत अर्धा तास थांबा. हेअर ड्रायर नको, झालर वाकडी होते.

आत जाणाऱ्या धुळीत आपला वाटा मोठा असतो. भडंगाचा तेल-तिखटाचा हात स्टिकला लागला की ते झालरीवर बसतं आणि स्टिक फिरेल तसं आत ओढलं जातं. चमच्यानं खा, भावा, किंवा गेम थांबवून खा.

दोन वेळा सफाई करूनही पंधरा दिवसांत ड्रिफ्ट परतला, तर पट्टी झिजली असं समजा आणि स्प्रे थांबवा.

उघडायचं असेल तर

हत्यारं: तीन पात्यांचा वाय ०० स्क्रू-ड्रायव्हर, फुलीचा ००, प्लास्टिकची पट्टी किंवा गिटारचा पिक, टोकदार चिमटा. शिवाय स्क्रू वेगवेगळे ठेवायला चार वाट्या. सर्वांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर तो आतून टोचतो.

पाठीवरचे चार स्क्रू तीन पात्यांचे. ते मऊ असतात आणि चुकीच्या पात्यानं लगेच गुळगुळीत होतात. खाली दाबायला सगळा जोर, फिरवायला थोडाच. झाकण कडेनं सोडवा आणि वहीसारखं हळू उघडा. दोन्ही भागांना रिबन, म्हणजे पातळ चपटी केबल, जोडलेली असते, झटका दिला की ती फाटते.

बॅटरी ५२५ मिलिअँपिअर-तासाची, हलक्या गोंदानं चिकटलेली. प्लास्टिकच्या पट्टीनंच उचला, लोखंडी हत्यार नको; बॅटरीला भोक पडलं तर आग लागू शकते. तिचा प्लग सॉकेटमधून सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका. बॅटरीखालची चौकट तीन फुलीच्या स्क्रूंवर असते. ती काढून बाजूला वळवा, तिची रिबन ताणू देऊ नका.

आता स्टिक दिसेल, दोन स्क्रूंवर बसलेली. तिची रिबन ज्या सॉकेटमध्ये जाते त्यावर एक बारीक खटका असतो. सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. खटका नखानं वर उभा करा, मगच रिबन चिमट्यानं सरळ बाहेर ओढा. खटका न उघडता ओढलं तर रिबन फाटेल, खटका जोरात उचकटला तर सॉकेट जाईल, आणि सॉकेट गेलं की काम सोल्डरिंगवर येतं.

पाठीवर दाबून ड्रिफ्ट थांबत होता ना? मग स्टिक बदलायच्या आधी स्वस्त उपाय करून बघा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे एकावर एक ठेवून साधारण १ मिलिमीटर जाडी करा आणि ते स्टिकच्या मागच्या पत्र्यावर बसवा. झाकण बंद झालं की पत्र्यावर दाब राहतो आणि जीभ पुन्हा पट्टीला टेकते. झाकण फुगत असेल किंवा स्टिक आत दाबल्यावर अडकत असेल तर एक थर कमी करा. चांदीचा कागद कधीच नाही, शॉर्ट होईल.

नवीन स्टिक डाव्या-उजव्या जॉय-कॉनला आणि स्विच लाइटलाही तीच चालते. स्क्रू आवळण्याआधी रिबन सॉकेटच्या रेषेशी समांतर बसलीय का पाहा. तिरकी बसली तर एकच अक्ष चालतो आणि नवी स्टिक खराब निघाली असं वाटतं. सगळं बंद करून कॅलिब्रेशन करा.

हॉल इफेक्टची स्टिक

हिच्यात घासणारं काही नाही. चुंबक हलतो, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, त्यामुळं कार्बन झिजण्याचा प्रश्न मिटतो. कल्पना नवी नाही, सेगाच्या १९९८च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ती होती. गुलिकिट कंपनीची जॉय-कॉनसाठीची स्टिक बसवायची पद्धत वरचीच. साध्या स्टिकपेक्षा महाग पडते, पण एकदा स्क्रू खोलतोच आहोत तर हीच बसवा असं आमचं मत.

एक अपवाद. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीत वर्कशॉपच्या टेबलावरच कन्सोल पडून असेल, तर लोखंडाचा बारीक कीस चुंबकाकडं ओढला जाणार. तिथं कन्सोल डब्यात ठेवायची सवय आधी. चुंबकाच्या झाकणाचं फोन कव्हरही स्टिकजवळ ठेवू नका, खूण सरकते.

बाकीची यंत्रं, आणि दुकान

स्विच लाइटमध्ये स्टिक कन्सोलच्या आतच, त्यामुळं अख्खं यंत्र उघडावं लागतं. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं दुसरं यंत्र; ते उघडण्याआधी मेमरी कार्ड बाहेर काढा, नाहीतर झाकण उचलताना कार्ड मध्यात मोडतं. तिथं सेटिंगमधून डेड झोन, म्हणजे मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल, थोडा वाढवून बारीक ड्रिफ्ट झाकता येतो, स्विचच्या सेटिंगमध्ये ती सोय नाही. असूसचं तसंच यंत्र आरओजी अ‍ॅलाय भारतात बिलासह विकला जातो, हमी चालू असेल तर उघडू नका. आपल्याकडचे बहुतेक स्विच बाहेरून आलेले. निन्टेन्डोनं एप्रिल २०२३मध्ये युरोपात ड्रिफ्टची दुरुस्ती फुकट केली, पण त्याचा इथं उपयोग शून्य.

स्वतः धाडस होत नसेल तर चांगल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं जा. रिबन आणि खटके त्याच्या रोजच्या हातातले असतात. स्टिक तुम्ही विकत घेऊन न्या, आणि काम फक्त स्क्रूचं आहे, हॉट एअर (गरम हवेनं सोल्डर वितळवणं) लागत नाही, हे आधी सांगा.

काढलेली जुनी स्टिक फेकू नका. तिच्या कडेचे पत्र्याचे कान वाकवून ती उघडा. पट्टीवर मधोमध पांढुरका, घासलेला डाग असेल तर झीज, नुसती काळी भुकटी किंवा चिकटा असेल तर घाण. दुसऱ्या जॉय-कॉनला ड्रिफ्ट सुरू होईल तेव्हा सफाई करायची की थेट स्टिक मागवायची, ते यावरून ठरवा.