समुपदेशक घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा पारखावा

समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करायला बसलेली समिती सहसा आधी अभ्यासपत्रिका, श्रेयांक आणि निकालाची टक्केवारी मागवते. ही कागदपत्रे लागतातच; पण विद्यार्थ्याने समुपदेशनाविषयी काय वाचले एवढेच त्यांवरून कळते, समोर बसलेल्या दुःखी माणसाशी त्याला बोलता येते की नाही हे कळत नाही. म्हणून मूल्यमापनाची सुरुवात प्रत्यक्ष कामाच्या तासांपासून करावी आणि समितीचा सर्वाधिक वेळही त्यावरच खर्ची पडावा.

तुलनेसाठी अमेरिकेतले निकष हाताशी ठेवावेत. तिथे १९८१ मध्ये स्थापन झालेली केक्रेप ही संस्था समुपदेशन अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देते. तिच्या निकषांनुसार विद्यार्थ्याने आधी १०० तासांचे प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा प्रत्यक्ष सराव, करायचे असते, ज्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष व्यक्तींसोबत जावे लागतात. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप असते आणि तिच्यातले किमान २४० तास थेट सेवेचे असावे लागतात. या संपूर्ण काळात आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोन विद्यार्थ्यांचे एकत्र आणि दीड तास गटात, असे सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाने कामाचा घेतलेला आढावा, बंधनकारक असते. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लादू नयेत. मात्र एकूण तास आणि थेट सेवेचे तास वेगळे मोजण्याची त्यांची पद्धत अवश्य उचलावी.

त्यासाठी विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मागवाव्यात आणि प्रत्येक नोंदीची वर्गवारी करावी. वर्गमित्रांमधली नाट्यीकरणे, शाळेत दिलेली व्याख्याने, जनजागृतीची भित्तिपत्रके आणि नुसते निरीक्षण यांना शिक्षणात स्थान आहे, पण थेट सेवेच्या बेरजेत ती धरू नयेत. ही गाळणी लावल्यावर कागदावरचे तास बरेच कमी झाले, तर तीच मूल्यमापनातली पहिली ठळक नोंद समजावी.

तासांनंतर दर्जा तपासावा. आलेल्या व्यक्तीच्या आणि अल्पवयीन असल्यास पालकांच्याही लेखी संमतीने केलेली ध्वनिमुद्रणे, ओळख पटू शकेल असा तपशील वगळून, दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे ऐकावीत, एकाच गुणतक्त्यावर गुण द्यावेत आणि मगच चर्चा करावी. एकाच विद्यार्थ्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे सत्र शेजारीशेजारी ठेवून ऐकल्यास प्रगती दिसते. समजा, नववीतली मुलगी म्हणते, “मला शाळेत यावंसंच वाटत नाही.” त्यावर पहिल्या सत्रातला विद्यार्थी “अभ्यासाचं टेन्शन घेऊ नकोस, सगळं नीट होईल” असे म्हणून मोकळा होतो. शेवटच्या सत्रात तोच विद्यार्थी थोडा थांबून “यावंसं वाटत नाही... हे कधीपासून?” असे विचारत असेल आणि उत्तराची वाट पाहत असेल, तर अभ्यासक्रमाने काहीतरी शिकवले आहे. शेवटच्या सत्रातही धीर देण्याची तीच घाई असेल, तर सुपरव्हायझरने त्या फाइलवर काय शेरा लिहिला होता ते पाहावे. केवळ तारीख आणि सही असलेल्या फाइली म्हणजे सुपरव्हिजन नव्हे.

शाळेतले समुपदेशन आणि मानसिक आरोग्य केंद्रातले समुपदेशन यांची तयारी एकाच प्रश्नावलीने तपासणे ही फार मोठी चूक आहे. शालेय समुपदेशकाला मुलाचा विश्वास, पालकांचा आग्रह आणि मुख्याध्यापकांच्या अपेक्षा यांतून वाट काढावी लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. अशा वेळी गोपनीयतेची मर्यादा मुलाला कोणत्या शब्दांत सांगायची, हे विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत करून दाखवायला सांगावे. मानसिक आरोग्य केंद्रात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आत्महत्येच्या जोखमीविषयी तो थेट प्रश्न विचारतो का, सुरक्षिततेचा आराखडा समोरच्या व्यक्तीसोबत बसून तयार करतो का आणि मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचे हे त्याला उमगते का, हे पाहावे. यातल्या एकाही बाबीत कच्चा असलेला विद्यार्थी सरासरी गुणांच्या आधारे उत्तीर्ण होत असेल, तर गुणदानाची पद्धतच बदलायला हवी.

महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांसाठी आणखी एक तपासणी आवश्यक वाटते. शिक्षण इंग्रजीत आणि सत्रे मराठीत, अशी विभागणी अनेक ठिकाणी असते. “जीव घाबरा होतो”, “कशातच मन लागत नाही” असे सांगणाऱ्या माणसाशी मराठीत बोलताना विद्यार्थी पाठ्यपुस्तकी संज्ञांच्या आडोशाला जातो का, हे ध्वनिमुद्रणात सहज कळते. काही केस रिपोर्ट आणि काही सुपरव्हिजनची सत्रे मराठीत घ्यावीत, अशी शिफारस समितीने निःसंकोच करावी.

माजी विद्यार्थ्यांकडून माहिती घेताना नोकरीच्या टक्केवारीवर थांबू नये. पदवीनंतर साधारण एक-दोन वर्षांनी “कोणती केस तुम्हाला झेपली नाही आणि त्या वेळी कोणाला विचारलेत?” हा प्रश्न विचारावा; उत्तरांमधून अभ्यासक्रमातल्या पोकळ्या नेमक्या सापडतात. मुख्याध्यापक आणि मनोविकारतज्ज्ञ यांनाही स्वतंत्रपणे विचारावे. तुकडी वीसएक जणांची असेल, तर एका वर्षाच्या टक्केवारीवरून निष्कर्ष काढू नये, सलग तीन तुकड्या एकत्र धराव्यात आणि मध्येच अभ्यासक्रम सोडून गेलेल्यांनाही त्यांत मोजावे. गेल्या काही वर्षांत एकाही विद्यार्थ्याला प्रॅक्टिकम पुन्हा करायला सांगितले गेले नसेल, तर विभागाला त्याचे कारण विचारावे, कारण हे काम प्रत्येकाला पहिल्याच खेपेला जमते यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

कायद्याची चौकटही तपासावी. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्रातले अनेक व्यवसाय आले आहेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासह या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. संबंधित अभ्यासक्रम या बदलांशी सुसंगत आहे का, याचे लेखी उत्तर विभागाकडून घ्यावे.

अहवालात प्रत्येक उणिवेपुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहावी आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण व थेट सेवेचे सरासरी तास संकेतस्थळावर दरवर्षी प्रसिद्ध करण्याची अट घालावी, म्हणजे प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यालाही ते पाहता येतील.